'उद्या' म्हणायचं नाही

रेडिओच्या स्टुडिओत बोलणाऱ्याच्या तोंडून 'उद्या' गेलं की कार्यक्रम करणाऱ्या बाई काचेवर अंगठीने टकटक करायच्या. स्टुडिओची काच जाड असते, पलीकडे आवाज पोहोचत नाही. दिसतो तो फक्त हात. बोलायला आलेली मुलं तो हात पाहून थांबत आणि आपलं काय चुकलं ते आठवू लागत.

"'उद्या' म्हणायचं नाही," बाई माइकवरून सांगत. "'आज' नाही, 'काल' नाही. चल, पहिल्यापासून घेऊ."

कारण साधं होतं. तरुणांसाठीचा हा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम रोज संध्याकाळी लागे, पण आठवड्याचे सगळे भाग एकाच दिवशी ध्वनिमुद्रित होत. मध्येच कोणाचं भाषण आलं, सामन्याचं समालोचन लांबलं, की सोमवारचा भाग गुरुवारी जाई. तेव्हा त्यातलं 'उद्या' खोटं ठरे. सरकारी रेडिओवरून खोटं जाऊ नये, एवढंच बाईंचं म्हणणं.

मी त्याच मजल्यावर बातम्यांच्या विभागात होतो. आमचं सगळं 'आज'वर चाले. कॉरिडॉरमध्ये गाठ पडली की बाई म्हणत, "काय बातमीवाले, चैन आहे तुमची. तुम्हाला 'आज' म्हणता येतं."

बाई कायम नोकरीत नव्हत्या. महिन्याला नेमून दिलेलं काम करायच्या आणि ते वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. नारायण पेठेत एकट्या राहात. स्कूटर जुनी, चष्मा गळ्यात, पिशवीत रेकॉर्डर. आवाज खालच्या पट्टीतला. तुम्ही तो ऐकला असेल तर आठवेल, वाक्य संपताना तो खाली उतरत नसे. पलीकडून कोणी काही म्हणेल म्हणून थांबल्यासारखा जरा वर राही. 'श्रोतेहो' त्या कधी म्हणाल्या नाहीत, 'मित्रांनो'ही नाही. कार्यक्रमाची सुरुवात ठरलेली होती.

"घास घे. मी बोलते."

हे वाक्य सदाशिव पेठेतल्या एका खाणावळीत तयार झालं. केंद्रावरच्या बैठकीत एकदा वरिष्ठांनी सांगितलं की तरुण मुलं आता रेडिओ ऐकत नाहीत, त्यांच्या हातात फोन असतो, तेव्हा फोनवर बघता येतील असे लहान तुकडे करा. बाईंनी ते तुकडेही तक्रार न करता केले. पण त्याच आठवड्यात त्या स्पर्धा परीक्षेची मुलं जिथे जेवतात त्या खाणावळीत जाऊन बसल्या आणि पुढच्या बैठकीत म्हणाल्या, "अहो, ऐकतात की. जेवताना उजवा हात आमटीत असतो. त्या हाताने फोन सरकवता येत नाही. तेवढा वेळ माझा."

बैठकीत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत.

खाणावळ चालवणाऱ्या काकूंना त्यांनी स्वतःचा रेडिओ नेऊन दिला. तो पाण्याच्या पिंपावरच्या फळीवर बसला. काही दिवसांनी काकूंनी तक्रार केली. म्हणाल्या, "तुमचा कार्यक्रम लागला की पोरं सावकाश जेवतात. मला टेबलं रिकामी हवीत. बाहेर रांग असते." बाईंनी केंद्रावर येऊन ही तक्रार प्रत्येकाला ऐकवली. श्रोते किती, याचा याहून चांगला अहवाल आजवर कोणी दिलेला नाही, असं त्यांचं मत होतं.

कार्यक्रमात बोलणारी मुलं त्याच खाणावळीतली, आसपासच्या अभ्यासिकांमधली. वाशीमची, नांदेडची, बीडची. घरापासून लांब, कॉट भाड्याने घेऊन राहणारी. बाई त्यांना परीक्षेतल्या यशाबद्दल विचारत नसत. सकाळी पहिला चहा कोणाबरोबर घेतोस, घरी फोन केल्यावर काय सांगत नाहीस, असं काही विचारत. गावाकडे आईवडील ऐकतात म्हणून मुलं अडखळत. मग बाई म्हणत, "तेही ऐकू दे त्यांना. तू सांगत नाहीस म्हणून त्यांना कळत नाही असं थोडंच आहे?"

वाशीमची एक मुलगी भरतीबद्दल बोलत होती. 'उद्या जाहिरात निघेल, परवा निघेल, असं करत वय चाललंय,' असं काहीसं वाक्य होतं. काचेवर अंगठी वाजली.

"'उद्या'च्या जागी 'लवकरच' म्हण."

मुलीने काचेकडे पाहिलं. "मॅडम, 'लवकरच' तर आम्हाला सगळेच म्हणतात."

बाईंनी माइकचं बटण सोडलं. मग इंजिनिअरला म्हणाल्या, "तिचं आहे तसं जाऊ दे." त्या दिवसापासून त्यांनी 'लवकरच'वरही बंदी घातली. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या की यावर उपाय एकच, कार्यक्रम थेट करायचा. मुलांनी खाणावळीतून फोन लावायचा, त्यांनी स्टुडिओतून उत्तर द्यायचं, आणि शेवटी 'उद्या भेटू' म्हणायचं. ते खरं ठरेल, कारण दुसऱ्या दिवशी त्या तिथे असतील.

थेट कार्यक्रमाचा प्रस्ताव वर गेला. बाई चौकशी करत. कार्यालयातून उत्तर येई, "उद्या बघू." बाई हसून टेबलावर अंगठी वाजवत.

याच काळात त्यांचा आवाज बसू लागला. आधी दोष थंडीवर गेला, मग स्टुडिओच्या एसीवर. तपासण्या झाल्या तेव्हा घशाचं दुखणं बरंच पुढे गेलेलं होतं. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा दिवस दिला आणि त्यानंतर बोलता येणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. बाईंनी कार्यालयात जाऊन विचारलं की त्याआधी एक दिवस, एकच दिवस, थेट मिळेल का. प्रस्ताव दिल्लीत होता. त्यावर कोणी काही करू शकत नव्हतं. याची मी स्वतः विचारून खात्री केलेली आहे.

मग त्यांनी नेहमीसारखं ध्वनिमुद्रण केलं. शेवटच्या भागाला मी कंट्रोल रूममध्ये उभा होतो. काचेपलीकडे त्या दिवशी बाई होत्या. कोमट पाण्याचा घोट घेत, मध्ये थांबत त्यांनी पंधरा मिनिटं भरली. विषय होता खाणावळीतल्या रविवारच्या गोडाचा. शेवटी त्या म्हणाल्या,

"आता बास. उद्या तू बोल, मी ऐकते."

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. काचेवर टकटक करणारं कोणी नव्हतं. बाई कागद आवरत होत्या. बाहेर आल्यावर इंजिनिअर चाचरत म्हणाला, "बाई, शेवटी 'उद्या' गेलं." बाईंनी चष्मा गळ्यात सोडला.

"माहितीय," त्या म्हणाल्या. "राहू दे."

जाताना माझ्यावर एक काम टाकलं. हा भाग लागेल त्या संध्याकाळी खाणावळीत जाऊन बसायचं आणि पोरं कशी जेवतात ते पाहून सांगायचं.

शस्त्रक्रिया सकाळी झाली. तो भाग त्याच संध्याकाळी लागला. वेळापत्रकात तसं कोणी ठरवलं नव्हतं, भाग एक दिवस पुढे सरकला होता. मी भिंतीकडच्या टेबलावर बसलो. "घास घे. मी बोलते," असं झालं आणि काकूंनी आवाज वाढवला. मुलं जेवत होती. बाहेरची रांग जिन्यापर्यंत गेली होती, पण काकूंनी कोणाला उठवलं नाही. त्यांना आवाज वेगळा वाटला असावा. मुलांना सर्दी वाटली.

शेवटचं वाक्य आलं तेव्हा समोरच्या मुलाने मान वर केली. तो नांदेडचा, बाईंकडे एकदा बोलून आलेला.

"मॅडम 'उद्या' म्हणाल्या," तो म्हणाला. "मला तर म्हणू दिलं नव्हतं. म्हणजे उद्यापासून लाइव्ह हाय का, सर?"

मी बातम्यांतला माणूस. खात्री नसलेली गोष्ट सांगत नाही आणि खात्री असलेली लपवत नाही. त्या मुलाला मी म्हणालो की विचारून सांगतो. त्याने तेवढ्यात केंद्राचा नंबर फोनमध्ये घालून ठेवला, डाव्या हाताने.

दुसऱ्या दिवशी मी रुग्णालयात गेलो. बाईंच्या गळ्याला पट्टी होती. मला पाहताच त्यांनी बोटं जुळवून तोंडापाशी नेली आणि भुवया उचलल्या. पोरं कशी जेवत होती?

"सावकाश," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. मी त्या मुलाचा प्रश्नही सांगितला. त्यांनी पलंगाच्या दांडीवर अंगठी वाजवण्यासाठी हात हलवला. पण शस्त्रक्रियेआधी अंगठी काढून ठेवली होती. दांडीवर नुसतं बोट लागलं.

बाई पावसाळा संपता संपता गेल्या. आमच्या बातमीपत्रात ती शेवटून दुसरी बातमी होती. त्यात 'आज' होतं. थेट कार्यक्रमाची मंजुरी हिवाळ्यात आली, पण तो करायला कोणाचं नाव द्यायचं हे ठरलेलं नाही. त्या वेळेला सध्या दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम जोडून घेतात.

परवा खाणावळीत गेलो होतो. फळीवरचा रेडिओ चालू होता. मुलं फोन डावीकडे टेकवून भराभर जेवत होती, टेबलं रिकामी होत होती, बाहेर रांग नव्हती.

"आता लवकर उठतात पोरं," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्या ताटात न मागता भात वाढला.