वानखेडेकाकांची घटपर्णी

वानखेडेकाका कोणाच्याही घरी गेले की आधी कुंडीत बोट खुपसायचे आणि मगच सोफ्यावर टेकायचे. चंदीगडजवळच्या झिरकपूरला आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, मी चौथ्या. पहिल्याच भेटीत माझ्या तुळशीतून बोट काढत ते म्हणाले, "पोरी, हिले तू पाणी पाजत नाई, बुडवून राह्यली." माझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं.

काका अमरावतीचे, शिक्षण आठवी. मोहालीतल्या एका संशोधन संस्थेच्या काचघरात त्यांनी बरीच वर्षं झाडं सांभाळली. मी बीडकडची, आयटी पार्कात नोकरीला. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मीच, आणि हे मी कुणापासून लपवत नाही.

निवृत्त होताना काकांनी काचघरातली टाकून द्यायला काढलेली एक घटपर्णी घरी आणली. या झाडाच्या पानाच्या टोकाला झाकणाचा घट लटकतो, त्यात किडे बुडतात आणि झाड त्यांच्यावर जगतं. काका त्या घटाला सुरई म्हणायचे. घरी आल्यापासून झाड खंगत होतं, दोनच सुरया उरल्या होत्या. दिवाळीनंतर काका अमरावतीला मुलाकडे कायमचे जाणार होते.

"अमरावतीच्या उन्हाळ्यात हे आठ दिवस नाई टिकत. तू सांभाळशीन का? नाईतर सांग, दुसरं कोणी पाह्यतो."

"काका, मी शेतकऱ्याची मुलगी. वर शिकलेली. बघून घेते मी."

"बरं," काका म्हणाले.

मग मी कामाला लागले. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी मी बादलीत साठवते. माझ्या आईने डोक्यावरून पाणी वाहिलंय, मला थेंब टाकवत नाही. तेच पाणी रोज घातलं. चमचाभर युरिया घातला. सुरईत उकडलेल्या अंड्याचा तुकडा सोडला. दोन्ही सुरया काळ्या पडून गळल्या. पानांच्या कडा जळाल्या. काका यायचे, बघायचे, "बरं" म्हणून चहा प्यायचे. माझं डोकं फिरायचं. एकदा मी फटकारलंच, "तुमचं झाडच रोगट होतं!"

"असंन," काका म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

ते निघाले त्या सकाळी झाडावर तीनच पानं उरली होती. मी कुंडी घेऊन खाली गेले. "घेऊन जा. मला नाही जमत." हे वाक्य मी तोवर कॉलेजातही कुणाला म्हटलं नव्हतं.

काकांनी कुंडी घेतली नाही. "याच्या आधी म्या असे चार झाडं मारले."

"आणि हे मला आज सांगताय? तीन महिने नुसतं बरं बरं करत बसलात!"

"तू इचारलं काहून नाई? पह्यल्या दिवसापासून तुले सारं येतच होतं."

टॅक्सीवाल्याने हॉर्न दाबला. "अंकल जी, चलो, गड्डी छूट जाएगी!"

"काका," मी म्हटलं, "आता काय करू?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सरळ पायरीवर बसले. "लिहून घे. वाया जाणाऱ्या पाण्यात सारा क्षार उतरते, ते हिले जहर हाय. प्यायचं पाणी दे, नाईतर पावसाचं. माती बदल, खत बंद. हिची माती जनमाची गरीब, म्हणून हे सुरई धरते. तू मातीतच जेवण वाढलं, मंग हे सुरई कशाले धरीन? अन् मंग काही करू नको."

"काही करू नको म्हणजे?"

"म्हंजे काही करू नको. तेच तुले जड जाईन."

त्या गोष्टीला आता दुसरी दिवाळी आली. पानं नवी आलीत, टोकाला सुरई धरणारे दोरेही लोंबतात, पण सुरई एकही नाही. त्या कुंडीपाशी बसून हात बांधून घेण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. रविवारी तर चिडचिड होते नुसती. मग मी काकांना फोन लावते.

"लागली का सुरई?"

"नाही."

"मंग तू काय केलं?"

"काही नाही केलं, काका."

"शाब्बास."