माडीवरची खोली आणि मी बनवलेले धर्माजी

आता हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवतो. मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये बसल्या बसल्या मी एक पूर्वज पैदा केला, आणि तो मला पार नडला!

झालं काय, मला वंशावळीची एक साइट सापडली. झकास प्रकार, यार! नावं टाकत जा, झाड वाढत जातं. जुनी कागदपत्रं स्कॅन केलेली, वर लांबचे नातेवाईकही तीच शोधून देते. मी पणजोबांपर्यंत पोचलो आणि चेंबूरच्या निखिलचा मेसेज आला. "दादा, आपण एकाच घराण्यातले वाटतो. गावचं घर आहे ना अजून?"

घर? पहिल्याच मेसेजात घर?

कोकणातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? हिस्सा! आणि गावच्या घराची माडीवरची खोली तर मी माझी धरून बसलेलो.

म्हटलं, थांब बेट्या. तुला पकडायला गळच टाकतो. साइटवर पणजोबांना एक खोटा धाकटा भाऊ चिकटवला. नाव धर्माजी. बायको-पोरं मागे ठेवून बोटीवर गेले, ते परत आलेच नाहीत. सकाळी निखिलचा मेसेज हजर. "दादा, धर्माजी म्हणजे आमचेच पणजोबा! तेपण बोटीवरच गेले होते!"

सापडला चोर! मी धावत बाबांकडे.

"बाबा, फ्रॉड पकडला! धर्माजी मी बनवलेत!"

बाबांनी चष्मा काढला. "तू कसला बनवतोस? त्यांनीच सुचवलं तुला."

"अहो, थापा आहेत त्या!"

आई आतून ओरडली, "तरीच ह्याचं लग्न जमत नाही! एवढी वर्षं त्यांचं कोणी काही केलंच नाही ना!"

लागली वाट! पितृपक्षात गच्चीवर धर्माजींच्या नावानं पान वाढलं. वाढणारा मी. बाजूला निखिल, कडक इस्त्रीत. कावळा पाण्याच्या टाकीवर येऊन बसला, पण पानाला शिवायला तयार नाही.

"इच्छा राहिलीय त्यांची," बाबा पुटपुटले. "कबूल कर काहीतरी."

"कोणाची इच्छा? तो माणूस जन्मालाच आला नाही!"

कावळ्यानं माझ्याकडे पाठ फिरवली.

ऊन डोक्यावर, सगळे उपाशी, सगळे माझ्याकडे बघतायत. काय करणार? जोडले हात. "धर्माजी आजोबा, माडीवरची खोली निखिलला."

कावळा झपकन खाली! वडा उचलून पसार!

निखिलनं डोळे पुसले. मग हळूच माझ्या कानाशी आला.

"दादा, खोलीत पंखा आहे ना रे?"

आहे. मे महिन्यात मीच बसवलाय.