पस्तीस दिरहमांची मालिका

आईचं तीन महिन्यांसाठी दुबईला यायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी मराठी चॅनलांचं पॅकेज घेतलं. महिन्याला पस्तीस दिरहम. ऑफिसात डबा खाताना हे सांगितलं तर सगळे माझ्याकडे बघून हसले. "टीव्हीचे पैसे आजकाल कोण भरतं? मोबाईल आहे ना," असं म्हणून एकाने मला लगेच दोन-तीन फुकट ॲप दाखवली. मी ती बघितली आणि डब्याचं झाकण लावलं.

मला पैसे भरायची सवय आहे. मी लहान होते तेव्हा टीव्हीला लायसन्स लागायचं. साताऱ्याला बाबा पोस्टात जाऊन वर्षाची फी भरायचे आणि ते लायसन्सचं छोटं पुस्तक रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायचे. फी भरली आहे म्हटल्यावर आई टीव्हीवर लागेल ते सगळं बघायची. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात मोसंबीवरची कीड दाखवायचे, तेसुद्धा ती मन लावून बघायची. आमच्याकडे मोसंबीचं एक झाड नव्हतं.

पण खरं कारण ते नाही. खरं कारण असं की वर्षाचे नऊ महिने आई भावाकडे असते. नातवंडांची शाळा, वहिनीची भिशी, कोपऱ्यावरचं दत्ताचं देऊळ, तिचं सगळं तिथे आहे. गेल्या वेळी ती इथे आली आणि महिन्याभरातच 'करमत नाही गं' म्हणायला लागली. ते मला फार लागलं होतं. या वेळी तिला माझ्या घरात करमलंच पाहिजे, हा माझा हट्ट होता.

आली त्या संध्याकाळी मी तिला रिमोट शिकवला. तिने पॅकेजचे पैसे विचारले, मी सांगितले, आणि तिने मोठ्याने हिशोब केला. "म्हणजे आठशे रुपये? महिन्याला? अगं, बाबा वर्षाचे सुद्धा एवढे भरत नव्हते." मग म्हणाली, "भरलेत ना, मग बघते." तिची ती सासू-सुनांची मालिका भारतात साडेआठला लागते, म्हणजे आपल्याकडे सातला. मला वाटलं, झालं, आता आई रोज संध्याकाळी माझ्या सोफ्यावर.

पहिला आठवडा तसंच झालं असावं. असावं म्हणते, कारण मी घरी नव्हते. माझं ऑफिस जेबेल अलीला, आमचं घर डिस्कव्हरी गार्डन्सला. नकाशावर हे अंतर काहीच नाही, पण सहाला सुटलं तरी ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत पावणेआठ होतात. दुसऱ्या आठवड्यापासून मी घरात शिरायचे तेव्हा टीव्ही बंद असायचा, सोफा रिकामा असायचा आणि आईच्या चपला दारात नसायच्या.

"आजी कुठे?" मी मुलाला विचारायचे.

"ॲट द नेबर्स," तो हेडफोन न काढता सांगायचा. चौदा वर्षांच्या मुलाकडून याहून जास्त माहिती मिळत नाही.

समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडचं मुस्लिम कुटुंब राहतं. नवरा फुजैऱ्याला बंदरावर नोकरीला, वीकेंडला येतो. बाकीचे दिवस ती आणि तिची तीन मुलं. पाच वर्षांत आमचं बोलणं लिफ्टपुरतं आणि ईद-दिवाळीच्या ताटापुरतं होतं. आईने दहा दिवसांत त्या घरी ओटा कुठल्या बाजूला आहे इथपर्यंत मजल मारली.

साडेआठला आई परत यायची ती हसत. गाल लाल, पदराला पीठ. "तिच्या तांदळाच्या भाकऱ्या बघ एकदा. पाण्याचा हात लावून अशी थापते ना!" मला कौतुक ऐकायचं नव्हतं. "एवढा वेळ काय करता?" मी विचारलं. "मालिका असते ना आमची," आई म्हणाली आणि ताटं घ्यायला लागली.

आमची! माझ्या तोंडावर जे शब्द आले ते मी इथे लिहू शकत नाही. पंचावन्न इंची टीव्ही माझ्या घरात, पैसे मी भरते, आणि ही बाई जाऊन लोकांच्या स्वयंपाकघरात मालिका बघते! एकदा मीठ मागायच्या निमित्ताने मी मुद्दाम समोर गेले. आमच्याकडे दोन किलो मीठ होतं. दार किलकिलं होतं, तव्याचा धूर जावा म्हणून ती तसं ठेवते. आत ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला. आई स्टुलावर बसून भाकरी उलटत होती आणि मोबाईलकडे बघून हसत होती. तेवढंच दिसलं आणि तेवढं मला पुरलं. मोबाईल तरी मोठा असावा, तर तोही तळहाताएवढा! मी मीठ न मागता परत आले.

त्यानंतरच्या दिवसांत मी कशी वागले ते आठवलं की आजही लाज वाटते. भावाला फोन करून 'आईला इथे मस्त करमतंय' असं सांगायचे आणि फोन ठेवला की भांडी आपटायचे. शेजारणीने ईदला दिलेली शिरखुर्म्याची वाटी आईने एकदा परत करायला ठेवली होती, घासूनपुसून, त्यात रव्याचे चार लाडू घालून. त्यातला एक लाडू मी खाल्ला. भूक नव्हती. तिच्या वाटीतले चारही लाडू तिला मिळू नयेत एवढ्याचसाठी खाल्ला. चाळिशी उलटलेली बाई मी, कंपनीत सहा जण माझ्या हाताखाली काम करतात.

मग एका बुधवारी गाडीत बसल्या-बसल्याच मी कस्टमर केअरला फोन लावला.

"मॅडम, रीझन बता दीजिए," पलीकडचा मुलगा म्हणाला.

"कोई देखता नहीं."

"मॅडम, एक महिना और ट्राय कीजिए..."

"खलास. बंद कर दो."

घरी आल्यावर जेवताना मी आईला सांगितलं. जरा जास्तच गोड आवाजात. "मराठी चॅनल बंद केले गं मी. तू समोरच बघतेस ना रोज, मग इथे उगीच कशाला पैसे भरायचे?"

आईचा घास हातात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं, मी तयारीत होते.

"बरं," ती म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी आले तर आई समोरच्या घरी. तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, बघ, हिला माझ्या पॅकेजचं काही पडलेलंच नव्हतं. पैसे वाचले म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि रात्रभर कूस बदलत पडले.

सहा दिवसांनी शेजारीण मला लिफ्टमध्ये भेटली. दोन्ही हातांत सुपरमार्केटच्या पिशव्या. मी मोबाईल काढून बघायला लागले, पण ती बोललीच.

"ताई, तुमच्या आई काय सांगतात हो! कालचा एपिसोड ऐकून मला तर रडूच फुटलं. भाकरी करपली."

"ऐकून?"

"मग? माझे हात पिठात, मी कुठून बघणार? आणि आमच्याकडे चॅनल कुठलं? आमचे हे म्हणतात, मोबाईल असताना पैसे भरणं म्हणजे येडेपणा. काकी सातला तुमच्याकडे बघतात आणि साडेसातला येऊन आम्हाला सांगतात. सगळ्यांचे आवाज काढून. ती खाष्ट नणंद तर अशी करतात! आमचे हे पण फुजैऱ्यावरून व्हिडिओ कॉल लावून ऐकतात, रोज. जेवतात तिथे आणि ऐकतात इथे."

म्हणजे पिठाच्या डब्याला टेकून उभा होता तो तिचा नवरा.

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. ती बाहेर पडली, मी आतच राहिले. दार लागलं आणि मी पुन्हा खाली गेले. तळमजल्यापर्यंत जाताना माझ्या डोक्यात दोन गोष्टी लागोपाठ आल्या. पहिली, की आई माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर मालिका बघत होती. दुसरी, की माझ्या घरात सहा दिवस चॅनल बंद आहे.

मी वर येऊन मुलाला हेडफोन काढायला लावला. "आजी मालिका इथे बघायची?"

"ऑफकोर्स. एव्हरी डे. यू डिडन्ट नो?"

"आणि आता? सातला काय करते?"

त्याने खांदे उडवले. "शी जस्ट सिट्स ऑन द सोफा. टॉकिंग टू हरसेल्फ."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरकडे जायचं कारण सांगून साडेपाचलाच ऑफिसातून निघाले. पार्किंगमध्ये थोडा वेळ काढून सात-पस्तीसला मी आमच्या कॉरिडॉरमध्ये होते. टाचांचा आवाज नको म्हणून सँडल काढून हातात घेतले. समोरचं दार नेहमीसारखं किलकिलं होतं.

आतून आईचा आवाज आला. हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मोठा, खेळकर, मध्येच थांबून माणसाला टांगणीला लावणारा.

"तर मग तिला परदेशात नोकरी लागली."

"दुबईला?" शेजारीण.

"छे, दुबई नको. मस्कतला. मोठी साहेबीण झाली. आता आई आली आहे तिच्याकडे राहायला. आई दिवसभर वाट बघते. ही आठला येते, पर्स टाकते, आणि पहिलं काय विचारते माहितीये? मशीन लावलंस का?"

मागून फोनमधून पुरुषाच्या हसण्याचा आवाज आला.

हे मी रोज विचारते.

"आईला सांगायचं असतं काही ना काही," आई सांगत होती. "ती म्हणते, थांब हं, एक कॉल आहे. मग दुसरा कॉल. मग म्हणते, आई, उद्या सांग. असे किती उद्या झाले, आईने मोजलेच नाहीत."

"कसली पोरगी हो काकी ही! आईशी धड दोन शब्द बोलत नाही. असली मुलगी असण्यापेक्षा..."

"नाही गं," आई एकदम म्हणाली. नाटकातला आवाज गेला, तिचा साधा आवाज आला. "तशी वाईट नाही ती. दमते. लहानपणी शाळेतून आली की दप्तर पाठीवरच, बूटसुद्धा काढायची नाही, आणि सुरू व्हायची. बाईंनी काय सांगितलं, कोण पडलं, कोण रडलं. आई भाकरी थापायची आणि ही ओट्याला टेकून सगळं सांगायची. आवाज काढून काढून. आईच शिकली तिच्याकडून."

तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला.

मला रडू आलं असं लिहायला बरं दिसेल. खरं सांगायचं तर मला आधी राग आला. हे सगळं आई तिला सांगत होती. माझं लहानपण, माझं दप्तर, माझे बूट, सगळं समोरच्या बाईला भाकरी करता-करता फुकट मिळत होतं, फुजैऱ्याच्या त्या माणसालाही मिळत होतं, आणि मी माझीच गोष्ट ऐकायला दाराबाहेर अनवाणी उभी होते.

"मग पुढे काय होतं काकी?" शेजारणीने विचारलं. "ती आई जाते का परत?"

"तिकीट आहे तिचं पंचवीस तारखेचं."

आईचं तिकीट पंचवीस तारखेचंच होतं.

"पोरगी थांबवत नाही?"

"ते उद्या," आई म्हणाली. आणि तिघंही हसली.

मी घाईघाईने आमच्या घरात शिरले. आई साडेआठला आली तेव्हा मी पानं वाढून ठेवली होती, लॅपटॉप बंद केला होता. मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "आई, काय झालं गं आज मालिकेत?"

तिने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. क्षणभर तिचा चेहरा उजळला असं मला वाटलं, पण तो बहुतेक माझा भास असावा. "काही नाही गं. नेहमीचंच," ती म्हणाली. "तुझा कॉल नाही का आज?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चॅनलवाल्या कंपनीचा फोन आला. पॅकेज परत सुरू केलं तर निम्म्या पैशांत देतो म्हणाले. आईला तिची मालिका परत मिळाली असती. खरी, सासू-सुनांची, जिच्यात मस्कत नाही आणि मशीनही नाही. मी नको म्हटलं. मुलगी काय करते हे मला ऐकायचं होतं.

त्या संध्याकाळी मी पुन्हा लवकर निघाले. खरं म्हणजे घरी जाऊन आईला एवढंच म्हणायचं होतं, की तिकीट पुढे ढकलू या. एक वाक्य. गाडीत मी ते दोनदा म्हणूनही बघितलं. पण साडेसातला मी समोरच्या दाराशी सँडल हातात घेऊन उभी राहिले, आणि ती मुलगी आईला थांबवते की नाही हे आईच्या तोंडून कळायची वाट बघत राहिले.