रजा मंजूर

माहं पत्र माईकवर वाचलं गेलं. मी शेवटच्या ओळीत बसलतो.

"सेवेत, श्रीमान प्रकाशक महोदय. विषय, पत्नीचे पुस्तक छापण्याबाबत. सविनय निवेदन आहे की प्रार्थीची पत्नी मरण पावली असून..."

इथं तो थांबला. नागपूरहून आलेला प्रकाशक. गळ्यात नुकतीच घातलेली शाल. चष्म्यावरून त्यानं सभेकडं पाह्यलं अन् उरलेलं वाचलं.

"...असून तिचे बोलणे प्रार्थीने लिहून ठेवले आहे. तरी श्रीमानांनी ते छापण्याची कृपा करावी. आपला आज्ञाकारी."

लोक हसले. मध्यप्रदेशातल्या बालाघाटची शिकलेली मराठी मंडळी. वकील, रिटायर साहेब, त्यांच्या बायका.

"आजोबा," तो म्हणाला, "रजा मंजूर."

मग मोठं हसणं झालं. पुढच्या ओळीतली एक बाई हसून हसून डोळे पुसून राह्यली होती. सभेच्या आधी मी ते पत्र त्याच्या हातात देलं होतं. "एकट्यात वाचा जी," म्हटलं होतं. तो हौ म्हणाला होता.

अन् मीही हसलो. ते जास्त लागते. साहेब हसला की आपण हसायचं, ही खदानीतली सवय.

माह्याजवळ पत्राचा एकच साचा होता. शाळा हिंदीची, तेही पाचवीपर्यंत. मराठी घरची. जन्मभर म्यागनीजच्या खदानीत काम केलं. तिथं काही पाहिजे असलं की अर्ज. ताप आला, रजेचा अर्ज. बाप मेला, अर्ज. सेवेत, सविनय, प्रार्थी, आज्ञाकारी. एका बाबूनं शिकवलं होतं, हेच लिहायचं, नाही त साहेब वाचत नाही. मले वाटलं, पुस्तकाचा साहेबही साहेबच. त्यालेही असंच लिहावं लागत असंन.

पारबता गेली अन् घर गप्प झालं. पारबता माही बायको. किरनापूरच्या पुढच्या गावची. पोरगा रायपूरले राहते. त्याच्या घरी सारी हिंदी. फोनवर नात विचारते, "दादाजी, खाना खाया?" मी म्हणतो, खाया. झालं. फोन बंद. मग मी अन् भिंत.

एका दिवशी चहा मांडता मांडता ध्यानात आलं, या घरात आता कोनी काहून म्हणत नाही.

पारबता दिवसभर काहून म्हणायची. काहून म्हणजे का. ती खदानीवर दगड निवडायची. हातोडीनं फोडायचा, चांगला एकीकडं, कचरा एकीकडं. हात असे काळे की लगनातल्या मेंदीचा रंगही दिसला नाही. एकदा मुकादम म्हणाला, बाईचा ढीग कमी हाय. सगळ्या बाया खाली पाहून राह्यल्या. पारबतानं हातोडी ठेवली.

"काहून कमी?"

"कमी हाय म्हनलं न."

"त मंग लिहून दे. काहून कमी हाय ते कागदावर लिहून दे. मी साहेबाले दाखवतो."

आमच्याकडच्या बाया दाखवतो, जातो असंच बोलतात. मुकादमानं काही लिहून देलं नाही. ढीग पुरा धरला. मी तिथंच उभा होतो, बाजूच्या टोळीत. बोललो नाही. घरी येऊन मीच तिले म्हटलं, कशाले तोंड चालवते? तिनं भाकर तव्यावर उलटली. "काहून नाई चालवू?"

ते सारं मी एका वहीत लिहत बसलो. तिचं तोंड होतं तसंच लिहलं. मग पुस्तक छापणाऱ्याइले पत्रं पाठवली. जबलपूरच्या एकानं लिहलं, यह तो मराठी है. पुण्याच्या एकानं कळवलं, हे लेखन हिंदी वाटते. एकानं छापील कागद पाठवला. शिक्षण. प्रकाशित पुस्तके. मिळालेले पुरस्कार. अन् खाली, हे पुस्तक आम्ही का छापावे ते थोडक्यात लिहा. ती जागा मी कोरीच ठेवली. बायको माही. दुसऱ्यानं काहून छापावं, मले काय मालूम.

म्हणून त्या सभेत गेलतो. समोरासमोर देऊ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. सभा भरवणारे प्रोफेसर साहेब, त्यांच्या घरी या, वही घेऊन या. मी गेलो. प्रकाशक सोफ्यावर. प्रोफेसर साहेब सोफ्यावर. मले दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची. त्यांच्या चहाले कप, माह्या चहाले स्टीलचा गिलास. वही प्रकाशकाकडं देली. तो चाळत राह्यला. मी चहा पेलो. गरम होता, गिलास धरता येत नव्हता, तरी धरला.

"मजकूर चांगला आहे आजोबा," तो म्हणाला. "काल गंमत केली, मनावर घेऊ नका. मी छापीन. फक्त भाषा सुधारावी लागेल."

"हौ जी," म्हटलं. खरं सांगतो, जीव हलका झाला. पारबता छापली जाणार. मले तेवढंच दिसलं.

त्यानं खिशातून लाल पेन काढला अन् तिथंच सुरू झाला. "मले" वर काट, वर "मला." "काहून" वर काट, वर "का." पेन लय जोरात चालला. मग म्हणाला, ऐका आता कसं वाटतं. अन् त्यानं ते पान वाचलं. शेवटचं.

ते असं होतं. दवाखान्यात पारबतानं मले पाह्यलं अन् म्हणाली, "काहून रडून राह्यले जी?" बस. तिचं शेवटचं बोलणं. दुपारी ती गेली.

त्यानं वाचलं, "'का बरं रडता आहात आपण?' ती क्षीण स्वरात म्हणाली."

मी गिलास खाली ठेवला.

"हे कोन हाय?"

"म्हणजे?"

"हे बोलून राह्यली ते बाई. कोन हाय?"

"अहो, तुमच्या पत्नी."

"नाई जी. या बाईले मी नाई पाह्यलं. माही बायको क्षीण बोलली नाई. दटावलं तिनं मले."

प्रोफेसर साहेब पुढं झुकले. "संधी आली आहे, घालवू नका. अशी भाषा वाचून लोक हसतील. त्यांना तुमच्या पत्नीला हसू द्यायचं का? आम्ही तिला चांगलं बोलायला लावतोय, उलट."

काल ज्याइले हसताना पाह्यलं, त्यात हे पहिल्या ओळीत होते.

"काहून?" मी म्हटलं.

जन्मात पहिल्यांदा मोठ्या माणसाच्या घरात तो शब्द माह्या तोंडून निंगाला. मलेच दचकल्यासारखं झालं.

"काहून लावता? तिनं मागतलं होतं काय तुम्हाले? जित्तेपनी मुकादमाले जमलं नाई तिचं तोंड बंद करनं. तुमी मेल्यावर करून राह्यले."

"मग छापणं अवघड आहे," प्रकाशक म्हणाला. पेनाचं टोपण लावलं.

"वही द्या."

देली त्यानं. मी उठलो. दारात चपला घालताना आतून कोनीतरी हळू बोललं, "म्हातारा डोक्यावर पडलाय." यावेळी मी हसलो नाही.

घरी येऊन लाल काटलेल्या जागी तिचा शब्द पुन्हा लिहला. लाल पुसल्या जात नाही. असू दे. कोनी काय काटलं होतं ते दिसंन.

आता मी दुसरं पत्र लिहतो. वर सेवेत नाही. मधात सविनय नाही. खाली आज्ञाकारी नाही. मी कोनाची रजा मागून राह्यलो नाही. लिहतो, हे पारबताचं बोलणं हाय. ती म्यागनीजच्या खदानीत दगड निवडत होती. छापायचं त असंच छापा, एक शब्द हलवायचा नाही. टपालात टाकतो. उत्तर येत नाही. घरी कोनी विचारत नाही आलं काय म्हणून. दुसऱ्याले लिहतो.

तो छापील कागद अजून जवळ हाय. हे पुस्तक आम्ही का छापावे. ती कोरी जागा मी भरली. लिहलं, तुम्ही काहून छापत नाही, ते लिहून द्या.