सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय

ये गं, अशी जवळ बस. आल्यापासून दारातच घुटमळायलीस, जणू परक्याच्या घरी आलीस! आजोबांचं प्रकाशन का बंद पडलं म्हणून विचारतीस ना? मग आधी चप्पल तर काढ.

प्रकाशन म्हणजे गंगाखेडातली ही समोरची खोली. तत्त्वज्ञानाची पुस्तकं काढायचे. आत्मा आहे का नाही, माणूस सुखी कशानं होतो, असली. मी शाळेत गेले नाही, वाचायला शिकले ते त्या प्रुफांवर. यांचा एक कायदा होता. छापायच्या आधी अख्खं पुस्तक इथं सतरंजीवर वाचायचं. ऐकणाऱ्यातल्या एकालाही पटलं नाही, तर पान परत लिहायचं. ऐकणारे कायमचे दोघं: राणीसावरगावचे एक पाटील अन् इथल्या दलित वस्तीतले एक मास्तर. लय भांडायचे.

"मास्तर, तुमचा आत्मा लय पातळ हाय."

"तुमचा दाट हाय पाटील, म्हणून तर हलत न्हाई."

मी चहा घेऊन हसत उभी.

मग यांनी स्वतःचं पुस्तक लिहिलं, सगळी माणसं मुळात एक, असं. अर्धं वाचून झालं अन् विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव आला. गावोगाव दलितांच्या वस्त्या जाळल्या. मास्तरांच्या बहिणीचं घर गेलं. पाटलांच्या भावकीतली पोरं जाळणाऱ्या जमावात होती, असं लोक बोलायचे.

हे दोघांकडं जाऊन आले. मास्तर म्हणाले, "गुरुजी, तुमच्याकडं कवाबी येतो. ते बसतील त्या सतरंजीवर न्हाई." पाटील म्हणाले, "मी कुनाचं घर जाळलं? मी कशाला माफी मागू?"

मी म्हटलं, "अहो, दोघांना वेगवेगळं वाचून दाखवा की."

"मग भांडणार कोण?"

"तर तसंच छापा."

"हे दोघं एका जागी बसेनात, अन् मी माणूस एक आहे म्हणून छापू?"

दर दिवाळीला दोघांना निरोप जायचा. कुणी आलं नाही. कायदा यांनी मोडला नाही, त्यामुळं दुसरंही पुस्तक निघालं नाही. आधी पाटील गेले, मग हे. पुढं कितीक वर्षांनी विद्यापीठाच्या पाटीवर नवं नाव लागलं, तेव्हा मास्तर आले. मी म्हटलं, "राहिलेलं वाचू का?"

"कुनापुढं, वहिनी?" म्हणाले. चहा पिऊन गेले. परत आले नाहीत.

ती पानं मी वाचते कधीमधी. पण मला सगळंच पटतं, त्याचा काय उपयोग!

निघालीस? बरं. लवकर ये गं परत, अन् राहायलाच ये.