सात नंबरचा डावखुरा माउस

मी देवापुढं हात जोडतो तेसुद्धा आई बघत असेल तरच. करणी, भूत, भानामती असलं काही सांगणाऱ्याच्या तोंडावर हसलेला माणूस आहे मी. त्यामुळं हे वाचून तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

केज तालुक्यात, नांदूरघाटच्या जवळच्या एका गावात मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. लॅबमध्ये बारा मशीन, सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स, कारण ते फुकट मिळतं. ही लॅब मी उभी केली असं गावात म्हणतात. साफ खोटं. उभी केली लिंबाजीकाकांनी. ते शाळेत रोजंदारीवर शिपाई होते. नववी नापास… पण एकेका बिघाडाला चार-चार दिवस चिकटून बसायचे आणि काढायचेच. काका डावखुरे. सात नंबरच्या मशीनवर त्यांनी माउसची बटणं स्वतःपुरती उलटी करून घेतली होती. "काका, तुमचा माउसपण तुमच्यासारखाच उलट्या खोपडीचा," असं मी पोरांदेखत म्हणायचो. ते नुसते हसायचे.

मग संस्थेनं रोजंदारीची माणसं कमी करायचं काढलं. काका माझ्याकडं आले.

"सर, येक कागद लिवून द्या. लॅबचं काम मी करतो, येवढंच. मंग मला काढनार न्हाईत."

"उद्या देतो," मी म्हणालो.

खरं सांगू? तो कागद दिला असता तर संस्थेनं विचारलं असतं — मग हे सर कशाला पाहिजेत? मीही कंत्राटीच. उद्या-उद्या करत पंधरा दिवस काढले. शेवटच्या दिवशी काकांनी लॅबची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "बरं हाय सर, ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि गेले. त्या वयात बायकोला घेऊन ऊसतोडीला गेले. फडातच छातीत दुखायला लागलं, दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

त्यानंतरची खंडेनवमी. घरोघरी अवजारं पुजतात तसे शाळेत आम्ही कॉम्प्युटर पुजतो, आणि दर वर्षी दोन-तीन माउस हळदी-कुंकवानं आंधळे होतात. म्हणून दसऱ्यानंतर मुली म्हणाल्या, "सर, सातवर क्लिक उलटं होतंय," तेव्हा मी खालची काच पुसून दिली. फरक नाही.

सेटिंग बघितली — उजवा हात. ड्रायव्हर काढून परत टाकला. टर्मिनलमध्ये कमांड देऊन बटणं सरळ केली, झाली. दुसऱ्या दिवशी लॅब उघडली तर पुन्हा उलटी. नवा माउस आणला… उलटा. तोच माउस सहाला लावला, सरळ. हार्डडिस्क काढून पेनड्राइव्हवरून कोरी सिस्टिम चालवली, तिथंही उलटा. शेवटी डोकं फिरलं आणि सहाचा अख्खा सीपीयूचा डबा उचलून सातच्या टेबलावर ठेवला, सातचा सहावर. सातचा डबा सहाच्या टेबलावर गुमान सरळ चालायला लागला. आणि सहाचा, काकांचा हात कधी न लागलेला डबा, त्यांच्या टेबलावर येताच उलटा.

मी खाली बसलो.

त्या दुपारी मी माउस डाव्या हातात धरून त्याच टेबलावर तो कागद टाइप केला. लॅबचं सगळं काम लिंबाजीकाकांनी केलं, मी नाही. प्रिंट काढून सही केली आणि काकूंकडं गेलो. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवला.

"लई चांगलं लिवलंय," काकू म्हणाल्या. आणि पुढची शेंग फोडली. "तुमी उद्या देतो म्हनलात ना सर, म्हनून ते शेवटच्या दिसापोतर दुसरीकडं काम बघायला गेलेच न्हाईत. मी म्हनायची, जा की. तर म्हनायचे, सरांनी शबूद दिलाय." आणि कागद माझ्या हातात परत दिला.

मला वाटलं होतं, कागद लिहिला की माउस सरळ होईल. नाही झाला. का होतंय ते मला आजही कळलेलं नाही. लिनक्सवाल्यांच्या फोरमवर विचारलं, तिथंही कुणाला सांगता आलं नाही.

गेल्या महिन्यात तपासणीला साहेब आले. नेमके सातवर बसले आणि वैतागले. "हे कुणी करून ठेवलंय?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं बघितलं. काकूंनी परत दिलेला कागद तिथंच, त्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये मी ठेवलेला होता. हात लांब केला असता तर निघाला असता.

"ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे, साहेब," मी म्हणालो. "उद्या करून देतो."