संकष्टीचा उंदीर
मुलगी पेन्सिलीला टोक काढते, तेव्हा त्या लाकडाच्या वासाने मला सिंगापूरच्या विद्यापीठातली ती खोली आठवते, जिथे पोस्टडॉक असताना मी प्रयोगातल्या अजगरांसाठी उंदीर वाढवायचे. लाकडाचा भुसा पसरलेले पिंजरे, एसीचा गारठा आणि मुताचा उग्र दर्प. अजगराच्या जाडीइतकाच उंदीर निवडायचा आणि आधी गॅसच्या डब्यात मारून मगच घालायचा, हा तिथल्या म्हाताऱ्या चिनी टेक्निशियनचा, ज्यांना सगळे अंकल म्हणत, नियम होता. त्या दिवशी संकष्टी होती. गणपतीचं वाहन आज माझ्या हातून मरायला नको, म्हणून मी एक थोराड नर जिवंतच अजगराच्या पेटीत सोडला आणि डब्यातली साबुदाण्याची खिचडी खायला गेले. परत आले तर काचेवर रक्ताचे फराटे होते. भूक नसलेला अजगर कोपऱ्यात वळवळत होता, पाठीचं मांस कुरतडलं जाऊन त्याचे मणके उघडे पडले होते, आणि उंदीर मिशा पुसत बसला होता. अंकल ओरडले नाहीत. “यू सो काइंड, सी लाह,” बघ तुझी दया, एवढंच त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले आणि उंदीर शेपटीला धरून माझ्या हातात दिला. गॅसचा डबा चार पावलांवर होता. मी उंदीर टेबलाच्या कडेवर आपटला. तो किंचाळला, म्हणून पुन्हा आपटला, आणि हालचाल थांबल्यावरही आपटतच राहिले. अजगराला संध्याकाळी इंजेक्शन देऊन संपवावं लागलं. संकष्टी मी आजही धरते, पण आरती करताना नजर गणपतीच्या मुखावरच ठेवते, पायाशी नेत नाही.